मामांनी पत्ते टाकले

पंगतीतून मधेच उठणाऱ्या माणसाला माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात माफ केलेलं नाही. त्यांच्या गावी, लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या लग्नांत वाढपी थकतात, आचारी चुली विझवतात, पण शेजारच्या म्हाताऱ्याची शेवटची बुंदी संपेपर्यंत मामा वाळल्या हाताने बसून राहतात. हेच व्रत त्यांनी मोबाईलवरच्या पोकरमध्ये नेलं आणि तिथे त्याने त्यांची पार वाट लावली.

मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळता येई, तेव्हाची ही गोष्ट. मामा सगळ्यात स्वस्त टेबलावर बसत. दिवसभर हरले तरी लोणावळ्यातल्या एका वडापावला मुकावं, एवढंच नुकसान. या खेळात हातातले पत्ते कामाचे नसले की ते टाकून त्या डावापुरतं बाहेर पडता येतं. खेळाचं अर्धं शहाणपण तेच, आणि नेमकं तेच मामांना पटेना. दुर्री-सत्ती आली तरी ते शेवटपर्यंत पैसे लावत. दुसऱ्या कुणी पत्ते टाकले तर हळहळत, "उपाशी उटला बिचारा!" मी एकदा समजावू गेलो, तर मलाच म्हणाले, "जावईबापू, मांडीला मांडी लावून बसल्यावं असं उटायचं? लोक काय म्हंतील?" ते लोक कानपुरात होते की कोलकात्यात, देव जाणे.

पुढे मामींना कर्करोग झाला आणि पोकर तळेगावच्या एका दवाखान्यात मुक्कामाला गेला. मामी उशीवरून मोबाईलमध्ये डोकावत. जन्मात पत्त्यांना हात न लावलेली ती बाई बघता बघता मामांपेक्षा बरं खेळू लागली. "ह्यात काय दम न्हाई, टाका," असं त्या म्हणत, आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारे मामा मुकाट टाकत. पहिल्यांदा टाकले तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला, की नर्सने येऊन त्यांचंच बीपी तपासलं.

दोन औषधं लागू पडली नाहीत. तिसरं देऊन पाहता येईल, पण फार आशा नाही आणि त्रास मात्र होईल, असं डॉक्टर सांगू लागले. मामांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "करा," म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर मामी म्हणाल्या, "तुमी अजून तसंच खेळताय. मला घरी न्या. भात कापायला आलाय, त्यो बघायचाय मला."

मामा त्यांच्यावर ओरडले आणि जिन्यात जाऊन बसले. मी शेजारी टेकलो. मामा म्हणाले, "लय ग्वाड संसार केला ओ तिनं. तिला मदीच कसं उटू दिऊ?" संध्याकाळी त्यांनी स्वतःच गाडी बोलावली.

घरी ओसरीवर खाट टाकली होती. तिथून मामींनी कापणी पाहिली. मामा त्यांना मऊ भात भरवत आणि त्या नको म्हणाल्या की खरोखर थांबत. आग्रह न करणारे मामा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. भात झोडून झाला त्याच आठवड्यात मामी गेल्या.

परवा औंढ्याला गेलो होतो. चहा घेता घेता मामा एकदम म्हणाले, "पत्ते टाकल्यावं एक लय वाईट असतं. समोरच्याकडं काय हुतं, ते कुनी दावत न्हाई. त्ये तिसरं औषिद लागू पडलं असतं का ओ?"

"नसतं पडलं, मामा," मी म्हणालो.

मला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक नाही हे त्यांना कळत होतं. तरी ते "व्हय" म्हणाले आणि किटलीत उरलेला चहा त्यांनी माझ्या कपात ओतला.