नाखवीणबाईंची तपासणी

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात जिला मनापासून आनंद होतो, अशी धंदा करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. कशेळीच्या खाडीकाठच्या नाखवीणबाई. गळाने मासे धरायची हौस असलेल्यांना त्या आपली बोट दिवसभरासाठी भाड्याने द्यायच्या आणि सुकाणूवर स्वतः बसायच्या. आजूबाजूची शेतं जाऊन गोदामं आली, भाऊबंदांनी जमिनी विकून बंगले बांधले, पण या बाईंनी नवऱ्यामागे ती एक बोट काही सोडली नाही. आणि बोट मागायला आलेल्या चारांपैकी तिघांना त्या तोंडावर ‘नाही’ म्हणून सांगायच्या.

मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. “मावशी, येत्या रविवारी बोट हवी होती. तिघं जण आहोत,” मी म्हटलं.

“आदी सगल्यांना घेऊन ये.”

“बोट बघायला?”

“बोटीत काय बघाचा हाय? मना तुमाला बघाचा हाय,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलगी पसंत करायलाही लोक याहून गोड बोलतात.

बोट हवी होती ती माझ्या बाबांसाठी. आमच्या कामतघरात तीस वर्षं लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, दुरुस्त करणारे मिस्त्री म्हणून त्यांनी काम केलं. दर शुक्रवारी लूम बंद असत, तेव्हा ते तळ्यावर गळ घेऊन बसत आणि करंगळीएवढे मासे घेऊन घरी येत. “एकदा वाहत्या पाण्यात गळ टाकायचाय. चांगला हातभर जिताडा लागला पाहिजे,” हे वाक्य ऐकतच मी आणि माझा भाऊ राहुल लहानाचे मोठे झालो. या वर्षी बाबा घरी बसले आणि त्यांचे गुडघेही बोलू लागले. आता नेलं नाही तर कधीच नेणं होणार नाही, हे आम्हा दोघांना कळत होतं. आई पाण्याला भिते, ती येणार नव्हती.

नाखवीणबाईंच्या अंगणात दोन दगडांवर एक फळी टाकलेली होती. बोटीतल्या बाकाएवढीच रुंद. त्यावर आम्हाला तासभर गप्प बसवलं. राहुलने दहाव्या मिनिटाला मोबाइल काढला. “तो ठेव. बोटीत गल धरशील का मोबाइल?” बाई म्हणाल्या. मग एकेकाची समोरासमोर उलटतपासणी. पोहता येतं का, फिट येते का, बीपीची गोळी कुठली, भीती वाटते का. राहुल म्हणाला, “भीती कसली?” त्यावर त्या म्हणाल्या, “पान्यावर लाज चालत न्हाय. भीती वाटली का बोलाचा, उलटी आली का बोलाचा. लपवनारा मानूस सगल्यांना बुरवतो.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, पुढे मी ते पुष्कळदा ऐकलं. आम्ही तिघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, कुणाला काहीही आजार नाही.

शेवटी त्यांनी आम्हाला खाडीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “खाली बस.” मी बसले, राहुल बसला. बाबा उभेच. त्या पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या. बाबा पाण्याकडे बघत मजेत उभे.

“यांना ऐकू येत न्हाय?”

आम्ही बहीणभाऊ चक्क हसलो. “अहो मावशी, तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलीत. आमच्या चाळीत कोणाला ऐकू येतं? सगळे ओरडूनच बोलतात!”

खोटं बोलायचा आमचा इरादाच नव्हता. मिस्त्र्याला ऐकू न येणं हा आजार असतो, हेच आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बाई मात्र हसल्या नाहीत. “कान दाखवले कवा?” त्यांनी विचारलं. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. दिवसाला पन्नास जणांचं रक्त तपासते. माझ्या बापाचे कान तीस वर्षांत एकदाही कुणी तपासले नव्हते. हे त्या परक्या अंगणात माझ्या लक्षात आलं आणि मला अक्षरशः थप्पड बसल्यासारखं झालं.

“बोट मिलाची न्हाय,” बाई म्हणाल्या.

मी भडकले. नको नको ते बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “पोरी, इंजिन वाजतो. मी मागं बसतो. पुढं रेतीच्या बोटीचा तानलेला दोर आला, तर मना एकच हाक माराया वेल गावतो. दुसरी मारीपर्यंत मानूस पान्यात.”

एवढ्यात बाबांनी आमचे चेहरे पाहिले. “काय झालं?” त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला खरं सांगवेना. मी ओरडून सांगितलं, “बोटीचं इंजिन बिघडलंय!”

मिस्त्र्याला असं सांगण्याचा मूर्खपणा माझाच. बाबांनी बाह्या सरसावल्या, गुडघे विसरले आणि थेट बोटीत उतरले. इंजिन चालू करा, अशी त्यांनी खूण केली. बाईंनी, का कोण जाणे, केलं. बाबांनी इंजिनवर तळहात ठेवला, डोळे मिटले, हात हळूहळू खाली सरकवला आणि म्हणाले, “मागचा खालचा बोल्ट सुटत आलाय.” बाईंनी हात घालून पाहिलं. बोल्ट दोन बोटांनी फिरत होता! त्या चाट पडल्या. आम्हीही. आता बोट मिळालीच म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

“बोल्ट गावला म्हनून ऐकू याया लागला का?” बाई म्हणाल्या. असली बाई!

पण त्या बाबांच्या तळहाताकडे बघत राहिल्या होत्या. आत जाऊन त्यांनी एक नायलॉनची दोरी आणली. एक टोक बाबांच्या मनगटाला, दुसरं स्वतःच्या. एक हिसका म्हणजे खाली बस, दोन म्हणजे गळ सोडून दे. “तीन शुक्रवार या. बोट बांधलेली राहील, शिकाचा. नि कानाच्या डॉक्टरचा कागद आना. मंग अष्टमीला जाव, तवा पान्याला ओढ कमी असते.”

त्या तीन शुक्रवारांइतके खूश बाबा मी कधी पाहिले नव्हते. सकाळीच दाढी करून रिक्षाने जायचे. काठाला बांधलेल्या बोटीत एका टोकाला बाबा गळ टाकून पाठमोरे, दुसऱ्या टोकाला नाखवीणबाई सुकाणूवर. मध्ये दोरी. हिसका बसला की बाबा झटकन खाली. चुकले की बाई तिकडून शिव्या घालायच्या, आणि ज्यांच्यासाठी त्या शिव्या असायच्या त्यांना सोडून सगळ्या कशेळीला त्या ऐकू जायच्या. तिसऱ्या शुक्रवारी बाबा एकदाही चुकले नाहीत. त्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेऊन म्हटलं, “आता नेतो तुज्या बापाला.” मी त्यांच्या पाया पडले. आम्ही कोळंबीचं आमिष सांगून ठेवलं, आईने डबे ठरवले, बाबांनी गळ तीनदा घासले.

अष्टमीच्या चार दिवस आधी लॅबमध्ये फोन वाजला. त्यांचा पुतण्या होता. “काकी गेली. सकाली चूल पेटवाया बसली, तशीच बसून रायली.”

हातातली रक्ताची नळी मी कशी ठेवली, आठवत नाही. कालच तर त्यांनी फोनवर मला चपलांवरून झापलं होतं, बोटीत अनवाणी बसायचं म्हणून. घरी आले आणि दारातूनच ओरडून बाबांना सांगितलं. चाळीतली सगळी माणसं दारात आली. एकट्या बाबांनी विचारलं, “काय?” मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि हळू, एकेक शब्द करून सांगितलं. वीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. ते ऐकून बाबा उठले आणि घासून ठेवलेले गळ पुन्हा डब्यात भरू लागले.

दिवसकार्य आटोपल्यावर पुतण्या आपण होऊन म्हणाला, “बोट मी चालवतो आता. तपासनी-बिपासनी काय न्हाय, फोन करा नि या.” बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घेतलं. “जो काही विचारत नाही, त्याच्या बोटीत मी बसणार नाही,” ते म्हणाले. जिताडा राहिला तो राहिलाच.

कानाच्या डॉक्टरचा कागद मात्र आम्ही काढला होता. त्यावरून पुढच्या महिन्यात कानाचं मशीन आलं. ते घालून बाबा पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकले, आईला म्हणाले, “तुझा आवाज बारीक झालाय,” आणि राहुलच्या दुपारच्या घोरण्याची तक्रार केली. आम्ही हसत होतो. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खिडकीशी बसले होते.

“एक सांग,” ते म्हणाले. “नाखवीणबाईंचा आवाज कसा होता गं?”