मीटरबाई

तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मीटरबाई आधी एकच विचारत, "चूक तुमचीच निघाली, तर तेही मी सांगेन. चालेल?" बरेचजण तिथंच चुळबुळायला लागत. काष्टीहून मी पहिल्यांदा नगरला त्यांच्या कार्यालयात गेले, तेव्हा मलाही राग आला होता. भरमसाट बिल भरता आलं नाही म्हणून माझ्या पिठाच्या गिरणीची वीज तोडलेली, आणि ही बाई माझीच चूक शोधतेय!

वीजग्राहकांची बाजू मांडणारं ते सरकारी कार्यालय. पाटीवरचं पदाचं नाव लांबलचक, म्हणून लोक बाईंना नुसतं मीटरबाई म्हणत. त्या गिरणीत आल्या, पिठानं साडी पांढरी होईपर्यंत मीटरपाशी उभ्या राहिल्या आणि सुनावणीत तो सदोष असल्याचं सिद्ध केलं. गिरणी सुरू झाली. मी पेढे नेले, तर म्हणाल्या, "ताई, बाहेर बसलेल्यांना वाटा. मी घेतले, तर पेढे न आणणारा दारातनंच परत जाईल."

पुढं कार्यालयाचा निधीच थांबला. खर्च वीज कंपनीनं द्यायचा, अशी मुळातली सोय. म्हणजे जिच्याशी भांडायचं, तिच्याच पैशावर. निधी कुठं अडला, कुणी सांगेना. हाताखालचा कारकून सोडून गेला. भाडं थकलं, घरमालकानं कुलूप लावायची भाषा सुरू केली. त्याच दिवसांत कंपनीची कामं घेणारे एक बडे ठेकेदार माझ्यासमोर म्हणाले, "बाई, वर्षभराचं आम्ही बघतो."

बाईंचा आवाज चढला नाही, पण हातातला पेन त्यांनी खाली ठेवला. "आणि तुम्ही ओढलेल्या तारेला चिकटून कुणाची म्हैस दगावली, तर तो माणूस कुणाकडं बघेल?"

ठेकेदार चहा अर्धा टाकून उठले.

मग बाईंनी मागणी केली, की कार्यालयाचा खर्च प्रत्येक बिलात थोडा थोडा लावावा, म्हणजे कंपनीच्या तोंडाकडं बघायला नको. त्यावर वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढं जाहीर सुनावणी लागली. सभागृह गच्च भरलं होतं. बाई बोलायला उभ्या राहिल्या, तोच सोनईचे एक शेतकरी ओरडले, "बिलं वाढली म्हणून तर आमी तुमच्याकडं येतो! आता तुमीच वाढवायला निघाला व्हय? तुमी हाय तरी कुणाच्या?"

टाळ्या पडल्या. कंपनीचे वकील हसून म्हणाले, "ग्राहकांनाच नको असेल, तर प्रश्नच मिटला."

अध्यक्षांनी विचारलं, "बाजूनं कुणी आहे?" कुणी हलेना. मी उठले. "माजी गिरनी बंद हुती, सायेब. वकील करायची ऐपत न्हवती. बाई नसत्या, तर आजबी बंदच असती."

बाई त्या शेतकऱ्याकडं वळल्या. "दादा, या वकीलसाहेबांची फीसुद्धा तुमच्याच बिलातनं जाते. ती घेताना तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारतेय. नाही म्हणालात, तर उद्या किल्ली देऊन टाकते."

वकील कागद चाळायला लागले. ते शेतकरी टोपी सारखी करत म्हणाले, "लावा मंग. पर काम न्हाई झालं, तर लई बोलीन."

"बोलायलाच या," बाई म्हणाल्या.

मागणी मंजूर झाली. कार्यालय टिकलं, पण बाई टिकल्या नाहीत. नव्या निधीबरोबर नवे नियम आले, नेमणूक नव्यानं झाली, आणि वयाच्या अटीत त्या बसल्या नाहीत. मी संतापले. त्या मात्र नव्या साहेबांना खुर्चीत बसवून, प्रत्येक प्रकरण समजावून, मगच कोपरगावला बहिणीकडं निघाल्या. एसटी सुटताना खिडकीतनं म्हणाल्या, "ताई, त्यांच्यावरही लक्ष ठेवा हं."

आता दळण घेऊन आलेलं कुणीतरी बिल नाचवत विचारतं, "ही कसली नवी वसुली?" मी गिरणी थांबवते, म्हणजे नीट ऐकू जावं, आणि सांगते, "तुझ्या वतीनं भांडणाऱ्याचा पगार हाय तो. जा, वसूल करून घे."