हळू रीलवरची सुरमई

सावंतांची सुरमई माझ्यासमोर टेबलावर आडवी पडली होती आणि अर्बाब माझ्या खांद्यामागे उभा होता.

"इक्बाल, इसका पेट खोलो," तो म्हणाला.

अर्बाब म्हणजे मालक. इथं आखातात, सहमला, किनाऱ्यालगत त्याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. गळ, दोऱ्या, रॉड, रील आणि भिंतभर लूर. मी तिथं काउंटर सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांना बोटीतून समुद्रावर नेतो. मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, त्यामुळे गळ हातात धरायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. माशाचं पोट फाडायलाही नाही. पण त्या दिवशी मी सुरी दोनदा पुसून घेतली. त्या पोटात काय निघतं यावर ती धरणाऱ्या गिऱ्हाइकाचं, म्हणजे सावंतांचं, स्पर्धेतलं बक्षीस अवलंबून होतं, आणि माझी नोकरीसुद्धा.

आधी लूर म्हणजे काय ते सांगतो. लूर म्हणजे खोटा मासा. धातूचा, प्लास्टिकचा नाहीतर रबराचा, पोटाखाली गळ लटकवलेला. रॉडने तो लांब फेकायचा आणि रील फिरवत ओढून आणायचा. खऱ्या माशाला वाटतं शिकार पळतेय, तो झडप घालतो आणि अडकतो. गिऱ्हाइकं लूरच्या रंगावर तासन्‌तास खल करतात. निळा घेऊ की हिरवा, डोळे मोठे हवेत की लहान. माझं मत विचाराल तर रंग माशासाठी नसतो, गिऱ्हाइकासाठी असतो. माशाला कळतो तो वेग.

हल्ली तर लोक अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून येतात. तो नदीतला मासा, दगडाच्या आडोशाला दबून बसणारा. त्याच्या नाकासमोर रबरी किडा हळूच नाचवायचा, थांबायचं, परत नाचवायचं. नदीत चालत असेल. इथं सुरमईसमोर रबरी किडा नेला तर ती अर्धा कापून नेते आणि उरलेला अर्धा घेऊन गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं. सुरमई धावणारा मासा आहे आणि तिचे दात कात्रीसारखे. तिच्यासाठी चंदेरी, लांबट, चमच्यासारखा लूर घ्यावा, दोरी तुटू नये म्हणून पुढे तारेचा तुकडा लावावा आणि हात दुखेपर्यंत रील जोरात फिरवावी. यात मला तरी शंका नव्हती.

शंका आणली ती सावंतांनी. सावंत वेंगुर्ल्याकडचे, सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन. बोलणं कमी. ते माझ्या बोटीवर यायला लागले आणि पहिल्या फेरीपासून रील हळू फिरवायला लागले. दोन फेरे, मग थांबा. परत दोन फेरे, परत थांबा. मी म्हटलं, सावंत, अशाने सुरमई सोडा, चिंबोरीसुद्धा हसेल. ते नुसते मान हलवायचे. आणि बाकीचे घामाघूम होऊन रिकाम्या हाताने परत यायचे तेव्हा सावंतांच्या रॉडला मासा असायचा. दर वेळी नाही, पण संशय यावा इतक्या वेळा.

आधी मला संशय आला तो स्वतःच्याच ज्ञानाचा. इतकी वर्षं मी लोकांना उगाच पळवत होतो की काय? मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, सावंतांसारखा लाल डोक्याचा चमचा घ्या आणि हळू फिरवा. लोकांनी घेतला आणि हळू फिरवला. कुणालाही काही लागलं नाही. तेव्हा माझा संशय माझ्यावरून उठला आणि सावंतांवर जाऊन बसला.

कारण हळू चालणाऱ्या लूरवर सुरमई फक्त एका परिस्थितीत तोंड टाकते, ती आधीच ताव मारत असेल तेव्हा. ती ताव कधी मारते? बोटीखाली बारके मासे गोळा झालेले असतील तेव्हा. आणि बारके मासे उगाच एका जागी गोळा होत नाहीत. कुणीतरी पाण्यात चारा टाकलेला असतो, तारली मासळीचे तुकडे किंवा असलंच काही खाणं.

एरवी चारा टाकणं हा गुन्हा नाही. पण दुकानातर्फे दर हिवाळ्यात स्पर्धा होते आणि तिचा नियम एकच आहे: मासा फक्त लूरवर धरायचा, पाण्यात खाणं टाकायचं नाही. जिंकणाऱ्याला रॉड आणि रीलचा भारी सेट मिळतो. त्या वर्षी सावंत माझ्याच बोटीवर होते. सोबत केतकर होते, राजधानीतल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीत राहणारे पुणेकर, बासच्या व्हिडिओंचे मोठे भक्त. मी मागे इंजिनापाशी होतो. जागेवर पोचल्यावर सावंत पुढच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून पाण्यावर ओणवे झाले. मला वाटलं, बोट लागली, ओकतायत बिचारे. अशा वेळी माणसाकडे बघू नये म्हणून मी नजर वळवली. थोड्या वेळाने ते उठले, हात पँटला पुसला आणि रॉड घेतली. दोन फेरे, थांबा. दोन फेरे, थांबा. आणि दिवसातली सगळ्यात मोठी सुरमई बोटीत आली.

किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या केतकरांनी अर्बाबला गाठलं.

"सर, स्लो रिट्रीव्हवर किंगफिश? इम्पॉसिबल. ही थ्रू समथिंग इन द वॉटर."

अर्बाबने केतकरांचं सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेतलं.

"ये सावंत तुम्हारा गाँव का है?"

"नहीं अर्बाब. उसका गाँव अलग, मेरा अलग."

"भाषा तो एक है ना? पूरा दिन बोट पे तुम दोनों क्या बोलता है?"

काय बोलतो? माशांविषयी बोलतो, नाहीतर गावच्या आंब्यांविषयी. पण ज्याला संशयच घ्यायचा आहे त्याला आंबेही पटत नाहीत.

"तुमको मालूम था और तुम चुप रहा," अर्बाब म्हणाला, "तो खलास. बोट दूसरा आदमी चलाएगा."

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. माझा व्हिसा त्याच्या हातात आणि माझं घर त्या बोटीवर चाललेलं. सावंतांचा मला मनापासून राग आला. चोरी करायची तर माझ्या बोटीवर कशाला?

आधी मी टेबलावरच्या सुरमईचं तोंड उघडून पाहिलं. गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुतला होता. खरं आमिष मासा गिळतो आणि गळ घशात जातो, लूरवरचा मासा असा कडेला अडकतो. म्हणजे मासा लूरवरच धरलेला होता. मग लूरचा वास घेतला. काहीजण त्याला तारल्यांचं तेल चोपडतात. तारल्यांचा वास नव्हता, पण खोबऱ्याचा येत होता. म्हटलं, डोक्याच्या तेलाचा हात लागला असेल.

मग पोट फाडलं. आत बोटाएवढे मासे होते, ताजे, अख्खे. त्यात संशयास्पद काही नव्हतं, सुरमई तेच खाते. पण त्यातला एक बारका मासा मी सुरीच्या टोकाने चिरला आणि आतून पांढरा चुरा बाहेर आला. बोटांत चोळून पाहिला. रत्नागिरीच्या माणसाला ओलं खोबरं ओळखायला दोनदा वास घ्यावा लागत नाही.

"क्या है?" अर्बाबने विचारलं.

"एक मिनिट दो, अर्बाब," मी म्हटलं आणि बर्फाच्या पेटीपाशी उभ्या असलेल्या सावंतांकडे गेलो.

"सावंत, पाण्यात काय टाकलंत?"

"काय नाय."

"खोबरं टाकलंत. माशाच्या पोटात मासा आणि त्याच्या पोटात तुमचं खोबरं आहे."

सावंतांनी मान खाली घातली. बराच वेळ ते चपलेने वाळू उकरत राहिले.

"तो चारो न्हय, इक्बालभाय," ते अखेर म्हणाले. "दर्याक मान दिलंय. गरी टाकूच्या आधी दर्याक नारळ देवचो. माझो बापूस देई. मनातल्या मनात गाऱ्हाणा घालतंय आणि सोडतंय."

"नारळ देतात ते मला ठाऊक आहे. किसून कोण देतो?"

"अख्खो टाकलो असतो तर सगळ्यांका दिसलो असतो. तुमी मुसलमान, अर्बाब मुसलमान, देश परको. कोणाक काय वाटात, कोण काय बोलात. म्हणान खोलीर किसून पिशयेत घालून आणतंय. मुठीन सोडला की कोणाक कळणा नाय."

राग आला होताच, पण आता तो खोबऱ्याचा नव्हता. आमच्या बंदरात नारळ सोडायचा दिवस आला की आमच्या वाडीतली माणसं काठावर उभी असायची, कुणाचा नारळ किती लांब जातो ते बघत. मी स्वतः त्यांच्यात उभा राहिलेलो आहे. आणि इतक्या फेऱ्या एका बोटीत करून या माणसाला माझी चोरी वाटत होती. त्याचं मला फार वाईट वाटलं आणि मी ते त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

मग धंद्याची गोष्ट सांगितली. अख्खा नारळ टाकला असता तर तो नुसता तरंगला असता. मासे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पण किसलेलं खोबरं पाण्यात पसरलं की बारके मासे तुटून पडतात आणि त्यांच्यामागे सुरमई येते. लपवायच्या नादात तुम्ही मान द्यायचं सोडून चारा टाकत होतात.

सावंत माझ्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे ता हळू रील फिरवणा? माझो हात?"

"हात नाही, सावंत. खोबरं."

ते बर्फाच्या पेटीवर बसले. चोर ठरण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं.

अर्बाबला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, पोटातल्या चुऱ्यासकट. त्याने आधी माझ्याकडे, मग सावंतांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"पूरा नारियल डालता, तो?"

"तो कुछ नहीं होता, अर्बाब."

"फिर छुपाया क्यों? शरम किसका?"

"आपका," मी म्हटलं. "और मेरा."

त्याने तो पांढरा चुरा स्वतः बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाला, "मच्छी बाद. आदमी बाद नहीं. यल्ला, चलो, दूसरा मच्छी तौलो."

जागेवर पोचण्याआधी वाटेत धरलेली केतकरांची सुरमई वजनात दुसरी होती, म्हणून रॉड आणि रील त्यांना मिळाली. त्यांचा संशय खरा होता, तेव्हा सावंतांना तक्रार करायला जागा नव्हती. माझी बोट माझ्याकडे राहिली. लाल डोक्याचे चमचे मी खालच्या फळीवर टाकले आणि गिऱ्हाइकांना परत जोरात फिरवायला सांगू लागलो. तेव्हापासून कुणी नवीन युक्ती सांगितली की मी लूरकडे बघत नाही. त्याच्या आधी पाण्यात काय पडलं ते विचारतो.

पुढच्या स्पर्धेला फळ्यावर नियमाखाली अर्बाबने माझ्याकडून एक ओळ वाढवून घेतली: अख्खा नारळ चालेल, किसलेला नाही. आमच्या बोटीवर या खेपेला तो स्वतःही आला. सावंत पुढच्या टोकाला गेले, पण या वेळी पाठ करून नाही. त्यांनी हात जोडून दर्याला मोठ्याने गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांसमोर नारळ पाण्यात सोडला. मग दोन फेरे, थांबा. दोन फेरे, थांबा. दुपारपर्यंत त्यांना काहीही लागलं नाही. नारळ मात्र बोटीच्या आसपास डुलत राहिला, आणि अर्बाबचे डोळे त्याच्यावरून हलेनात.

अखेर त्याने मला बोट जवळ घ्यायला सांगितली. वाकून त्याने नारळ उचलला, सगळीकडून फिरवून पाहिला, कुठं भोक नाही ना म्हणून बोटाने चाचपला आणि कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं. सावंतांनी रॉड खाली ठेवली.

अर्बाबने मान डोलावली आणि दोन्ही हातांनी नारळ परत पाण्यात ठेवला.