अडीच हजारांवरचा रुपया

रक्कम जुळली की माणूस जुळला, असं मी धरून चालले होते. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. ताळा कसा करायचा हे नुकतंच शिकले होते आणि शिकलेलं कुठंतरी वापरायला मिळतंय याचाच आनंद एवढा होता, की त्यात काही चुकेल असं मनातही आलं नाही.

आमची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आहे. मेंढरं, शेरडं आणि चार गुरं एवढ्यावर घर चालतं. दहावीच्या पुढं गेलेली घरातली मी पहिली. भोरला कॉलेज, आणि स्टँडच्या मागं आम्ही दोघी मुलींनी मिळून घेतलेली एक खोली. आई लोकर कातायची, आणि माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, मागावर घोंगड्या विणायचे. बाजारात व्यापारी सांगेल त्या भावाला त्या जायच्या. मग मी त्या मोबाईलवर, लिलावाच्या एका साइटवर टाकायला लागले. लोक बोली लावायचे, शेवटची बोली ज्याची त्याची घोंगडी. तात्यांची अट एकच होती. "त्या मोबाईलमदलं पैसं मला दिसत न्हाईत. नोटा हातात आल्या तर म्या पुढची विणायला घेतो."

म्हणून प्रत्येक घोंगडीखाली मी लिहायचे, मनीऑर्डर चालेल. आणि लोक खरंच मनीऑर्डर करायचे. घोंगडी हवी असणारी माणसं बहुतेक वयस्कर. बोली लावायची पोरानं आणि पैसे पाठवायचे बापानं. त्यामुळे साइटवर एक नाव असायचं आणि मनीऑर्डरवर भलतंच. निरोपाच्या जागेत कशाचे पैसे ते कुणी लिहायचं नाही. पोस्टातल्या काउंटरवरच्या ताई नोटा मोजून हातात ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज कोण गं?"

"बघते ताई. शोधावं लागेल."

"लोक पैसे बुडवणाऱ्याला शोधतात. देणाऱ्याला शोधणारी तू पहिलीच."

माझी एक वही होती. डाव्या पानावर विकलेल्या घोंगड्या, उजव्या पानावर आलेल्या मनीऑर्डरी. दोन्हीकडची रक्कम जुळली की पेन्सिलीनं मधून रेघ मारायची आणि माल पाठवायचा.

त्या खेपेला दोन घोंगड्या होत्या. एक नुसती काळी. रंग दिलेली नव्हे, काळ्या मेंढीच्या लोकरीचीच, तिच्यात एक पांढरा केस नव्हता. दुसरी पांढऱ्या काठाची. काळी अडीच हजारांना पुण्यातल्या एका मुलानं घेतली. काठाची पण अडीच हजारांवर जाऊन थांबली होती. अगदी शेवटी साताऱ्याच्या एका बाईंनी वर एक रुपया चढवला आणि ती त्यांना गेली.

चार दिवसांनी एक मनीऑर्डर आली. अडीच हजार एक रुपये. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं, गाव सातारा जिल्ह्यातलं. एवढ्या सरळ जुळणीत विचार करण्यासारखं काय होतं? रेघ मारली आणि काठाची घोंगडी त्याच दिवशी साताऱ्याला लावून दिली.

काळीचे पैसे येईनात. आठव्या दिवशी मला एक फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा.

"बाई, काळी घोंगडी कदी येनार? पुन्यातल्या पोरानं माज्यासाठीच घेतलीया ती."

"आजोबा, पैसे अजून आले नाहीत."

"आलं न्हाईत? पाठवल्यात की."

"नाही हो. मी रोज वही बघते."

मग "बरं" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कुणी पाठवले, कुठून पाठवले, हे मी विचारायला हवं होतं. वडीलधाऱ्यांना उलट काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, हे खरं आहे. पण त्याहून खरं म्हणजे मला वहीची खात्री होती. त्यांचा मला थोडा संशयसुद्धा आला होता. हे लिहिताना लाज वाटते.

दहा दिवसांत पैसे आले नाहीत तर वस्तू मागच्या बोलीवाल्याला द्यायची, असा साइटचा नियम होता. मागची बोली मुंबईकडच्या एका गृहस्थांची होती. त्यांनी लगेच मोबाईलवरून पैसे भरले. गुरुवारी सकाळी मी काळी घोंगडी बांधली, पोस्टात दिली, खोलीवर येऊन कपडे बदलले आणि कॉलेजला गेले.

दुपारच्या सुट्टीत परत आजोबांचा फोन आला.

"बाई, घोंगडीचं ऱ्हाऊ द्या. मला येकच सांगा. पैसं खरंच आलं न्हाईत?"

"का हो आजोबा?"

"म्या पैसं शेजाऱ्याकडं दिलं हुतं. तालुक्याला चाललेला, म्हनलं येवढी मनीऑर्डर कर. तुमी म्हनला आलं न्हाईत. मग माज्या पुन्याच्या पोरानं गावी येऊन त्येला दारात उभा केला, समद्यांसमोर. पावती दाव म्हनला. पावती सदऱ्याच्या खिशात ऱ्हायली आन धुन्यात गेली. त्यो म्हंतो पाठवलं, पोरगं म्हंतंय खाल्लं. रविवारी आमच्यात देवाचं जागरान हाय. काळी घोंगडी आंथरून आमचा देव त्येच्या हातानं बसतो, त्येच्या बापापासनं. आता त्यो म्हंतो, चोराच्या हातानं देव कशाला बसवता."

मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. वही पिशवीत होती. "त्यांचं नाव काय?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी उजवं पान उघडलं. तेच नाव, माझ्याच अक्षरात, आणि त्यावरून माझ्याच पेन्सिलीची रेघ.

"आजोबा, तुम्ही त्यांच्याकडे किती दिले होते?"

"अडीच हजार."

"वर एक रुपया?"

"रुपया कशाला? अडीच म्हंजी अडीच."

तो रुपया कुठून आला ते मला कळेना. पण नाव खोटं असायचं काही कारण नव्हतं. त्याच क्षणी मी सांगून टाकायला हवं होतं, की पैसे आलेत, तुमचा शेजारी खरा आहे. मी म्हटलं, "तासाभरात फोन करते," आणि ठेवला. काळी घोंगडी पोस्टात होती. ती हातात आल्यावर सांगितलं तर चूक जरा लहान दिसेल, असं मला वाटलं. तेवढा आणखी एक तास तो माणूस गावात चोर राहिला, तो माझ्यामुळे.

पोस्टात पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते.

"ताई, सकाळचं पार्सल परत पाहिजे."

"बॅग बांधली की. तीनला गाडी येते."

"ताई, चुकीच्या माणसाला चाललंय ते."

"पावती दे, अर्ज लिही. पावतीशिवाय मला हात लावता येणार नाही."

पावती खोलीवर होती. पावती हिशेबाच्या पुस्तकात ठेवल्याचं आठवत होतं, तिथं नव्हती. उशीखाली नव्हती. शेवटी सकाळी घातलेल्या ओढणीच्या टोकाला गाठ मारलेली सापडली. आई पैसे बांधते तशी मीच बांधली होती आणि विसरले होते. परत आले तर लाल गाडी दारात उभी, आणि ड्रायव्हर ताईंना म्हणत होता, "आवरा, मला पुढं कापूरहोळला थांबायचंय."

"दोन मिनिटं दम धर," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "अगं, सही कर."

त्यांनी बॅगेची दोरी कापली. माझं पार्सल वरून तिसरं होतं. ते छातीशी धरून मी बाहेर पायरीवर बसले आणि आजोबांना फोन लावला.

"पैसे आले होते, आजोबा. पहिल्याच आठवड्यात. तुमच्या शेजाऱ्यांच्याच नावानं. मी ते दुसऱ्याच्या नावावर धरले."

"मंजे त्यो खरा हुता."

"हो."

मग म्हणाले, "आन घोंगडी?"

"माझ्याकडे आहे. पोस्टानं रविवारच्या आत पोचेल असं वाटत नाही."

"मानूस पाठवतो."

मुंबईच्या गृहस्थांचे पैसे परत केले. त्यांनी साइटवर माझ्याबद्दल वाईट लिहिलं, ते त्यांच्या जागी बरोबर होतं. साताऱ्याच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, मला वाटलं आमच्या ह्यांनी भरले असतील." त्यांनी संध्याकाळीच पैसे पाठवले. ते सगळं निस्तरलं, पण रविवारचं मनातून जाईना.

रविवारी सकाळी भोरच्या स्टँडवर मी घोंगडी आणि वही घेऊन थांबले होते. साताऱ्याकडून आलेल्या माणसांत मी आजोबांना शोधत होते. समोर आला तो साठीचा, काटक माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"तुमीच का घोंगडीवाल्या? मनीआर्डर म्या केल्ती."

आजोबांनी त्यांनाच पाठवलं होतं. मी वही उघडून दाखवली. त्यांनी ती बघितली नाही.

"वाचा. मला येत न्हाई."

मी त्यांचं नाव वाचलं.

"किती हायेत?"

"अडीच हजार एक."

"हां. बराबर."

"काका, तो वरचा एक रुपया कुणाचा?"

"माजा." त्यांना माझ्याच विचारण्याचं नवल वाटलं. "देवाच्या घोंगडीला नुसत्या शून्यावर पैसं द्यायचं व्हय? म्हातारा इसरला आसंल. माज्या खिशात हुता, म्या घातला."

आमच्या घरीसुद्धा देवाच्या कशालाही आई वर एक नाणं ठेवते. लहानपणापासून बघत आले होते. तरी वहीत अडीच हजार एक दिसले तेव्हा मला फक्त बोली दिसली. त्यांनी तो रुपया घातला नसता, तर पैसे काळीच्या रकमेशी जुळले असते आणि त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. मी हे त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून कळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी घातलाच आसता."

मी घोंगडी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

"तुमी चला."

"मी? कुठं?"

"गावात. फोनवर म्हाताऱ्याला सांगितलं तुमी, त्येनं पोराला सांगितलं. पोरगं म्हंतंय बाप शेजाऱ्याला सांबाळून घेतोय. मला दारात उभं केलं तवा आर्धं गाव हुतं. तेवढ्यांसमोर तुमी सांगा."

मी आईला फोन केला. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ नको, अनोळखी गाव. आई म्हणाली, "जा. त्येंचं नाव तुज्या तोंडानं गेलंय, तुज्याच तोंडानं परत यायला पायजे. आन त्यांच्या मागं नगं बसू, फुडच्या शिटावर बस, कंडाक्टरला गाव सांगून ठेव."

एसटीत आम्ही फारसं बोललो नाही. शिरवळला त्यांनी खिडकीतून केळी घेतली आणि दोन माझ्या हातात दिली. कुणापुढं उभं राहून मी कधी बोलले नव्हते. वर्गात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तरी मी खाली बघते. काय बोलायचं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं आणि गाव येईपर्यंत चारदा वाचलं.

अंगणात मांडव होता. बायका भाकरी करत होत्या, पुरुष सतरंजीवर बसलेले. आजोबा उठून पुढं आले. पुण्याचा मुलगा खांबाला टेकून उभा होता, हातात मोबाईल. काका माझ्याबरोबर आले, पण मांडवाच्या आत आले नाहीत. बाहेरच थांबले.

मी वहीचं मागचं पान उघडलं आणि त्यातलं एक अक्षर मला दिसेना.

"पैसे आले होते," मी म्हणाले. "मनीऑर्डर यांनीच केली होती. मी ती दुसऱ्याच्या नावावर लावली. चूक माझी आहे."

"मोठ्यानं बोल की गं," चुलीजवळून एक म्हातारी ओरडली. "हिकडं ऐकाय येत न्हाई."

मी परत बोलले. या वेळी वही मिटली. यांनी पूर्ण पैसे पाठवले, वर स्वतःचा एक रुपया घालून पाठवले, आणि पैसे आले नाहीत असं मी म्हटलं ते खोटं होतं, असं सगळं सांगितलं. खोटं हा शब्द मी लिहून आणला नव्हता. पलीकडे कुणी तरी भाकरी थापायची थांबली.

पुण्याच्या मुलानं मोबाईल खिशात घातला. तो मांडवातून बाहेर आला, काकांसमोर उभा राहिला. म्हणाला, "काका, या की आत."

काका तसेच उभे. अंगणातले सगळे त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, माझ्या हातातली घोंगडी घेतली, खांद्यावर टाकली, आणि म्हाताऱ्या आजोबांना म्हणाले, "पानी कुठं ठेवलंय? पाय धुतो."