नामाअण्णांची उदबत्ती

भरे गावच्या फाट्यावर नामाअण्णांचं गॅरेज होतं. गाडी आली की बॉनेटला हात लावण्याआधी अण्णा उदबत्ती पेटवायचे. निम्मी गिऱ्हाइकं लगेच चपला काढून हात जोडायची. अण्णा त्यांना मनासारखे हात जोडू द्यायचे आणि मग म्हणायचे, "झालं का दर्शन? आता बाजूला व्हा. मी हवा बघतुया."

मीही हात जोडले होते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तीही मेकॅनिकलची. अण्णांनी ते गावभर केलं आणि मला कायमचं 'विंजनेर' करून टाकलं.

माझ्या जुन्या गाडीचा हीटर फक्त माझ्याच बाजूला गरम हवा द्यायचा. डावीकडे आई बसायची. हिवाळ्यात दर आठवड्याला भल्या सकाळी तिला गुडघ्यांसाठी पुण्याच्या दवाखान्यात न्यायचो. ती दोन शाली लपेटून "लई ऊब हाय" म्हणायची. एकदा तिचा हात हातात घेतला तेव्हा खरं कळलं. लोकांच्या भाताच्या आवणीला जाऊन जिने मला शिकवलं, ती माझ्याच गाडीत कुडकुडत होती. वर्कशॉपवाल्यांनी तर अख्खा हीटर बदला म्हणून सांगितलं होतं. आई म्हणाली, "मी आपली यष्टीनं जाईन. तितं मान्सांची तरी ऊब असती." ते मला फार लागलं. तसाच तिला घेऊन अण्णांकडे गेलो.

अण्णांनी हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपल्या. "दोनी तापल्यात. हीटर चांगला हाय." मग डॅशबोर्डच्या जाळ्यांपुढे उदबत्ती धरली. उजवीकडे धूर आडवा पळाला, डावीकडे सरळ वर गेला.

"ऊब निगतीया, पन तिला वाटंत कुनीतरी आडवलंय. विंजनेर, चा सांगून ये."

मी परतलो तेव्हा आईच्या सीटपुढचा खण निघालेला, अण्णांचं डोकं आत आणि आई तोंडाला पदर लावून उभी. मला बघताच दोघं गप्प.

कापसाचा आणि कागदाच्या कपट्यांचा बोळा माझ्यापुढे धरून अण्णा म्हणाले, "उंदरीन बाळंतपनाला आलती."

"पण गाडीत तिला खायला काय मिळालं?"

"पुस्तकात न्हाई व्हय ते?"

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्या खेपेला चांदणी चौकाच्या आधीच तिने एक शाल मागे टाकली. "बंद कर रं, भाजतंय," म्हणाली. मी बंद केलं नाही.

तेव्हापासून अण्णा भेटले की विचारायचे, "काय आक्का, उंदीर काय म्हनतोय?" आई म्हणायची, "गप ए मेल्या!" मला कुणी काही सांगत नसे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. आता गॅरेज त्यांचा पुतण्या बघतो. यंदा सफाईसाठी त्याने माझ्या आणि आईच्या समोर तोच खण काढला, तर आत तारेने आवळून बांधलेली तंबाखूची पत्र्याची डबी. झाकणावर खिळ्याने ओरखडलं होतं, 'उंदरास मनाई'. डबीत आईच्या लुगड्याची कुरतडलेली चिंधी आणि तिच्यात गाठ मारलेला मूठभर आंबेमोहर तांदूळ, हळदीने पिवळा झालेला.

"गाडी आली त्या दिशी ही चिंधी मीच फटीत सारली हुती, दिष्ट लागू नये म्हनून," आई खाली बघत म्हणाली. "तू शिकलेला, हसला असतास. अण्णा म्हनला, ऱ्हाऊ दे आक्का, मी बंदोबस्त करतो."

मी डबी होती तिथेच बांधली. पुतण्याने उदबत्ती पेटवून जाळीपुढे धरली. ती कशासाठी ते आता मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी चपला काढल्या आणि हात जोडले.

बाजूला व्हा म्हणायला कुणी नव्हतं.