फेटा बांधलेले महादेव गुरुजी

खानापूरच्या रानाकडेच्या त्या मराठी शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचे. त्यामुळे महादेव गुरुजी सातवीला विजयनगर शिकवायला लागले की पहिली-दुसरीची पोरंही कान टवकारायची. दरबारात राजा सुलतानांसारखी उंच टोपी आणि लांब अंगरखा घालून बसायचा, आणि देवळात तोच राजा उघड्या अंगानं हात जोडायचा. बिरुदसुद्धा घेतलं ते ‘हिंदू राजांमधला सुलतान’ असं. “राज्यात माणसं नाना भाषांची, नाना देवांची,” गुरुजी सांगायचे. “राजा ज्याला-त्याला आपला वाटाय पायजे. तवा राज्य टिकतंय.”

या धड्यात गुरुजी गुपचूप स्वतःलाच बघायचे. सव्वीस वर्षं नोकरी केली, पण कुणाचं मन म्हणून मोडलं नाही. गावात मराठीसाठी टेबलावर मूठ आपटायची, तालुक्याला साहेबांपुढं गोड कन्नडमध्ये मान डोलवायची. माणूस लबाड नव्हता हो. सगळ्यांना आवडावं एवढीच हौस, आणि ती हौस फार वाईट.

गेल्या जूनमध्ये पट चौदावर आला. शाळा पाच किलोमीटरवरच्या कन्नड शाळेत मिसळायचं घाटत होतं, आणि वाट अस्वलांच्या रानातली. पालकांनी अर्ज लिहिला, सह्या-अंगठे केले आणि गुरुजींसोबत नागुबाईला तालुक्याला साहेबांकडं धाडलं. ती शाळेत पोरांचा भात रांधायची. तिची नात तेजस्वी दुसरीत होती.

साहेबांनी विचारलं, लोकांचा विरोध आहे का? गुरुजींच्या खिशात बेळगावला बदली मागणारा स्वतःचा अर्ज होता. ते हसून कन्नडमध्ये म्हणाले, “तसं काही नाही सर. हा कागद आपला रीत म्हणून. लोक समजूतदार आहेत.” नागुबाई शेजारीच उभी होती. ती त्यांच्याशी कायम मराठीत बोलायची, म्हणून तिला कन्नड येत नाही असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. सीमाभागात जन्म काढून ही चूक!

बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, “लई भांडलो बघ आक्का. पर वरच्यांपुढं काय चालतंय आपलं?”

नागुबाईनं पदर सारखा केला. “ऐकलं की मी. माझं म्हायेर गोकाकचं हाय, गुरुजी.”

गुरुजींचे कान तापले. बसमध्ये तिच्याशेजारी बसायला तोंड राहिलं नव्हतं. ते मागच्या सीटवर बसले. उतरावं, परत जावं, साहेबांना खरं सांगावं, असं तीनदा मनात आलं. लाज वाटत होती, आणि तरी उठवत नव्हतं, याची जास्तच लाज वाटत होती.

फाट्यावर उतरल्यावर नागुबाई थांबली. “तेजस्वी घरात सारखी सांगती, राजाच्या टोपीचं. त्यानं राज्य टिकवाय घातलेली न्हवं ती?”

गुरुजींनी नेहमीसारखी मान डोलवली.

नागुबाईनं गावात चकार शब्द काढला नाही. शाळेला कुलूप लागलं, गुरुजींची बदली झाली. आपल्यासाठी भांडलेला माणूस म्हणून गावानं त्यांना जरीचा फेटा बांधला. ओवाळायला नागुबाईलाच पुढं केलं. तिनं कुंकू लावलं, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. गुरुजींना तो फेटा तिथल्या तिथं उतरवून ठेवावासा वाटला. पण समोर सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, आणि ते हात जोडून हसत उभे राहिले.