म्यानाचा आवाज

लिलावघरातले सगळे त्याला ‘जपूनकाका’ म्हणत. कुणी वस्तूला हात लावला रे लावला, की त्याच्या तोंडून ‘जपून, जपून’ निघायचंच. जुन्या हत्यारांची वर्णनं लिहिणं हे त्याचं काम. वस्तू आली की आधी तो ती तोलायचा. पातं वेगळं, म्यान वेगळं. मग कान लावून ऐकायचा. हो, ऐकायचा!

यंदाच्या यादीत एक जुना लष्करी खंजीर होता. दुधारी पातं, काळवंडलेली शिंगाची मूठ, चामडं मढवलेलं म्यान. त्याने लिहिलं, ‘म्यान मूळचेच, वजन दोनशे बारा ग्रॅम. पाते पूर्ण बसताच खट् असा आवाज येतो.’

“काका, यादी लिहिताय की बडबडगीत?” लिलावघराच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या. त्याने मान खाली घातली, पण ओळ काही खोडली नाही. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाईंचा त्याच्या नजरेवरचा भरवसा उडाला होता. “ही यादी नीट पार पडू दे, मग बघू,” एवढंच त्या म्हणाल्या. न बोललेलं त्याला कळलं होतं.

लिलावाच्या दिवशी सकाळी वस्तू पाहायला संग्राहकांची ही झुंबड उडाली. दुपारी बोली सुरू होण्याच्या तोंडावर मिशीवाले निवृत्त मेजर खंजीर उंचावून गरजले, “ही कसली मूळची जोडी? पातं म्यानात खुळखुळतंय! कुठलं तरी म्यान आणून गळ्यात मारलंय आमच्या.”

मेजरनी खंजीर हलवला. खुळखुळ, खुळखुळ. साऱ्या दालनाने ऐकलं.

“काका,” मालकीणबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, “चूक असेल तर आत्ताच सांगा. खंजीर मागे घेऊ.”

डोळ्यांनी दगा दिला की काय? चाळीस वर्षांची अब्रू, आणि जायची ती अशी चारचौघांत? जपूनकाकाने यादी उघडली. स्वतःचीच ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग घसा खाकरला.

“खुळखुळ नाही, मेजरसाहेब. मी खट् लिहिलंय.”

दालनात खसखस पिकली.

“अहो, आवाजावर काय जाता?” मेजर म्हणाले.

“मग वजनावर जाऊ.” त्याने रिकामं म्यान तराजूत ठेवलं. काटा दोनशे चाळीसवर थांबला. “हे ते म्यानच नाही.”

हसू विरलं. तो वळला आणि शेजारच्या काचपेटीपाशी गेला. तिथे तशाच घडणीचा दुसरा खंजीर होता. त्याचं पातं म्यानाबाहेर बोटभर उघडं राहिलं होतं, आखूड पांघरुणातून पाय बाहेर राहावेत तसं. सकाळपासून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“सकाळी हे दोन्ही एकदम उपसून कुणी पाहिले?”

मेजर मिशीवरून हात फिरवू लागले. “मीच... म्हणजे, पाती शेजारी ठेवून बघत होतो.”

“आणि परत ठेवताना एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर गेली!” मागून कुणीतरी म्हणालं.

जपूनकाकाने दुसरा खंजीर उपसला. ते म्यान तराजूत ठेवलं. दोनशे बारा. ना एक कमी, ना एक जास्त. मग पहिल्या खंजिराचं पातं त्याने त्यात सरकवलं. साऱ्यांनी कान टवकारले.

खट्!

टाळ्या अशा वाजल्या की काचपेट्या थरथरल्या. मेजर पुढे झाले, टाचा जुळवून त्यांनी कडक सलाम ठोकला. “काका, शरण आलो! आता हा खंजीर मी दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देत नाही.” आणि त्यांनी तो मिळवलाही, शेवटपर्यंत हात खाली न घेता.

संध्याकाळी मालकीणबाईंनी त्याच्या टेबलावर आणखी तीन हत्यारं आणून ठेवली. “पुढच्या यादीची. आणि हो, आवाज लिहायला विसरू नका.”

घरी बायको दारातच उभी होती. सकाळी त्याचा पडलेला चेहरा बघूनच तिने ओळखलं होतं की आज काहीतरी आर की पार आहे.

“काय झालं हो? बोला तरी!”

त्याने चपला काढल्या, छाती पुढे काढली, आणि चाळीस वर्षांत घरात कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्याने म्हणाला,

“खट्!”